गाडीवर उपग्रह इंटरनेट बसवताना: आकाश, वीज आणि वायर

सिग्नलला गाडी उभी असेपर्यंत सगळं ठीक. दिवा हिरवा झाला, इंजिन आपोआप सुरू झालं, की पुढची दोन-तीन मिनिटं इंटरनेट गायब. गाडीवर डिश बसवल्यानंतरचे माझे पहिले आठ दिवस या कोड्यात गेले. मी उपग्रहांना दोष दिला, झाडांना दिला, ॲप काढून पुन्हा टाकलं, एकदा तर ढगांकडेही संशयाने बघितलं. चोर निघाला सिगरेट लायटरच्या सॉकेटात खोचलेला तीन तोंडांचा एक स्वस्तातला स्प्लिटर. इंजिन परत सुरू होताना बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर पडायचं, डिश बंद व्हायची, आणि पुन्हा उठून उपग्रह शोधायला तिला तेवढी दोन-तीन मिनिटं लागायची.

गाडीतल्या उपग्रह इंटरनेटबद्दल लोक विचारतात ते स्पीडचं, आणि अडतात ते विजेपाशी नाहीतर झाडाखाली. म्हणून पुढे स्पीडबद्दल कमी आणि फ्यूजबद्दल जास्त वाचायला मिळेल.

पायरी १: आधी गरज तपासा

डिश मागवण्याआधी एक काम करा. नेहमीच्या रस्त्यावर दोन-तीन फेऱ्या होईपर्यंत मोबाइलचं नेटवर्क कुठे जातं आणि किती वेळ जातं, ते शेजारी बसलेल्या माणसाला टिपून ठेवायला सांगा. चार तासांच्या प्रवासात मिळून दहा मिनिटं नेटवर्क जात असेल, तर डिशचा खटाटोप करू नका. टपावर चांगला मोबाइल अँटेना आणि आत सिमचा राउटर एवढ्याने काम भागतं. पत्र्याच्या डब्यात ठेवलेला फोन जे पकडू शकत नाही, ते टपावरचा अँटेना बऱ्याचदा पकडतो.

फक्त अडचणीत मदत मागता यावी एवढीच गरज असेल, तरी डिश नको. आयफोन १४ मध्ये नोव्हेंबर २०२२ पासून ग्लोबलस्टारच्या उपग्रहांवरून आपत्कालीन संदेश पाठवायची सोय आली. जानेवारी २०२४ मध्ये स्टारलिंकने, म्हणजे स्पेसएक्स कंपनीच्या उपग्रह इंटरनेट सेवेने, साध्या मोबाइलशी थेट बोलणारे पहिले सहा उपग्रह सोडले. ही सोय तुमच्या फोनमध्ये आणि तुमच्या देशात चालू आहे का, तेवढं बघून घ्या. मात्र तिच्याकडून व्हिडिओ कॉलची अपेक्षा ठेवू नका. फोनचा अँटेना बोटभर असतो, आणि उपग्रहाचा एक झोत जमिनीवरचा मोठा टापू व्यापत असल्याने त्या टापूतले सगळे फोन तीच क्षमता वाटून घेतात. मजकूर जातो, थोडाफार डेटा जातो, बस.

डिश लागते ती ज्यांचं कामच नेटवर्कच्या बाहेर चालतं त्यांना: सर्वेक्षण करणारे, दूरच्या साइटवरचे अभियंते, बचावपथकं, गाडीतच दिवसचे दिवस राहून काम करणारे. त्यांनी पुढे वाचावं.

पायरी २: चालत्या गाडीला उपग्रह सापडतो कसा, ते समजून घ्या

जुन्या पद्धतीचं उपग्रह इंटरनेट भूस्थिर उपग्रहांवरून येतं. ते विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगानेच फिरतात, त्यामुळे आकाशात एका जागी टांगल्यासारखे दिसतात. तुमची मागणी वर जाऊन खाली यायची आणि उत्तरही वर जाऊन खाली यायचं, म्हणजे एवढं अंतर चारदा. प्रकाशाच्या वेगाने गेलं तरी यात जवळजवळ अर्धा सेकंद जातो. पान उघडायला हे चालतं, पण फोनवर बोलताना दोघंही एकदम बोलायला लागतात आणि दोघंही एकदम थांबतात.

स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत, युटेलसॅट वनवेबचे १,२०० किलोमीटरवर. ५५० किलोमीटरच्या हिशेबाने तोच चार फेऱ्यांचा प्रवास सात-आठ मिलिसेकंदांत उरकतो. जमिनीवरची केंद्रं आणि बाकीची यंत्रणा धरून प्रत्यक्षात साधारण २५ ते ६० मिलिसेकंद लागतात, म्हणजे बोलताना काही जाणवत नाही.

पण खाली आलेला उपग्रह एका जागी थांबत नाही. तो ताशी सुमारे २७,००० किलोमीटर वेगाने धावतो आणि तुमच्या डोक्यावरून जास्तीत जास्त चार-साडेचार मिनिटांत निघून जातो. स्टारलिंकमध्ये कोणत्या डिशने कोणत्या उपग्रहाशी बोलायचं, याची वाटणी दर १५ सेकंदांनी नव्याने होते. अशा वेळी तुमची गाडी शंभरने चालली काय किंवा उभी राहिली काय, उपग्रहाच्या लेखी ती जवळजवळ उभीच असते.

मग चालत्या गाडीत अवघड काय असतं? गाडीचं वळणं. वळणावर गाडी फिरली की तिच्यासोबत डिशही फिरते, खड्ड्यात हिंदकळते, आणि तरीही झोत त्याच उपग्रहावर राहायला हवा. घरावरच्या गोल वाटीसारख्या डिशला हे जमणार नाही. आताच्या सपाट डिशमध्ये शेकडो छोटे अँटेना शेजारी शेजारी मांडलेले असतात. प्रत्येकाच्या लहरीला किंचित मागे-पुढे केलं की सगळ्यांचा मिळून झोत हव्या त्या दिशेला वळतो. आत काहीही हलत नाही. टोयोटाने २०१६ मध्ये कायमेटा कंपनीचे असे सपाट अँटेना बसवलेली मिराई गाडी प्रदर्शनात मांडली होती. चीनच्या जीली या मोटार कंपनीने तर जून २०२२ मध्ये स्वतःचे पहिले नऊ उपग्रहच सोडले. कारखान्यातून टपाच्या आत अँटेना बसून येणारी गाडी ज्यांना मिळेल त्यांना मिळो. बाकीच्यांसाठी डिश आणि पाना आहेच.

पायरी ३: डिश निवडताना वॅट बघा

लोक आधी स्पीड बघतात. तुम्ही वीज बघा, मग आकार, मग वजन.

स्टारलिंक मिनी ही आज छोट्या गाडीसाठी सर्वांत सोयीची डिश आहे. ती साधारण ३० सेंटीमीटर लांब, २६ रुंद आणि चारेक सेंटीमीटर जाड असते, वजन किलोच्या थोडं वर. वायफाय राउटर तिच्या पोटातच असतो. सरासरी २५ ते ४० वॅट खाते आणि १२ ते ४८ व्होल्टच्या डीसी विजेवर थेट चालते. गाडीच्या दृष्टीने या शेवटच्या गोष्टीला फार महत्त्व आहे, कारण मध्ये इन्व्हर्टर लागत नाही.

घरगुती डिशची तिसरी आवृत्ती ७५ ते १०० वॅट घेते आणि तिचा पॉवर सप्लाय भिंतीतल्या विजेवर चालतो. गाडीत त्यासाठी इन्व्हर्टर घ्यायचा, म्हणजे बॅटरीची डीसी वीज एसी करायची आणि डिशच्या पॉवर सप्लायने ती परत डीसी करायची. दोन्ही वेळा गळती. खास वाहनांसाठी आलेली फ्लॅट हाय परफॉर्मन्स डिश ११० ते १५० वॅट घेते, पण तिला आकाशाचा जास्त मोठा तुकडा दिसतो: मिनीला ११० अंश, तिला १४०. बसवर, रुग्णवाहिकेवर किंवा मोठ्या ट्रकवर ती शोभते. छोट्या गाडीसाठी मी तरी मिनीच निवडेन. तेवढ्याच विजेत दोन माणसांचे व्हिडिओ कॉल आणि मुलांचं कार्टून एका वेळी चालतं, आणखी काय हवं?

पायरी ४: परवाना आणि प्लॅन

हा भाग कंटाळवाणा आहे, पण गाळू नका. डिश नुसती ऐकत नाही, ती वर प्रक्षेपणही करते, म्हणजे कायद्याच्या नजरेत ते एक प्रक्षेपण यंत्र आहे. चालत्या वाहनावरच्या अँटेनांना आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेत ‘अर्थ स्टेशन इन मोशन’ अशी वेगळी जात आहे, आणि त्यांच्या लहरींचे नियम २०१५, २०१९ आणि २०२३ च्या जागतिक परिषदांमध्ये टप्प्याटप्प्याने ठरत गेले. अमेरिकेतही स्टारलिंकला धावत्या वाहनांसाठी वेगळी परवानगी ३० जून २०२२ रोजी मिळाली. घरावरच्या डिशची परवानगी त्यासाठी पुरेशी धरली गेली नव्हती.

म्हणून तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. या देशात ही सेवा सुरू आहे का? घराबाहेर, जागा बदलून वापरायला परवानगी आहे का? आणि गाडी चालू असताना वापरायला आहे का? तिन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात. सीमा ओलांडणार असाल तर पलीकडच्या देशासाठी हेच प्रश्न पुन्हा. जिथे सेवेला परवाना नाही तिथे डिश नुसती डिकीत असली तरी जप्त होऊ शकते. ‘बंद होती साहेब’ हे उत्तर तिथे चालत नाही.

प्लॅन घेतानाही ‘चालत्या वाहनात’ हे शब्द अटींमध्ये शोधा. कमाल वेग किती, डेटा किती, आणि डेटा संपल्यावर लाइन मंद होते की बंद, हेही तिथेच लिहिलेलं असतं. डेटाचा अंदाज बांधायचा तर एचडी सिनेमा तासाला तीनेक जीबी खातो. नकाशा आणि मेल त्यापुढे किरकोळ. खरा चोर म्हणजे फोन आणि लॅपटॉपचे आपोआप होणारे अपडेट. प्रत्येक उपकरणात या वायफायला ‘मर्यादित डेटा’ अशी खूण करून ठेवा.

पायरी ५: भोक पाडण्याआधी मैदानात मांडून बघा

डिश आली की लगेच गाडीवर चढवू नका. मोकळ्या मैदानात घरच्या विजेवर किंवा पॉवर बँकेवर लावा. पहिल्यांदा सुरू होताना ती जीपीएसवरून स्वतःची जागा शोधते, सॉफ्टवेअर उतरवते, मधेच स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होते. पंधरा-वीस मिनिटं तिच्या नादी लागू नका. मग ॲपमधून खातं जोडा, वायफायचं नाव आणि पासवर्ड बदला, आणि तासभर वापरून बघा. इथे जी लाइन मिळेल ती तुमची फूटपट्टी. पुढे गाडीवर काही बिघडलं, तर ते डिशचं की तुमच्या जोडणीचं, हे या तासाभराच्या अनुभवावरून ठरवता येतं.

याच मैदानात डोळ्यांना एक सवय लावून घ्या. मिनीला ११० अंश दिसतात, म्हणजे ती सपाट ठेवली की क्षितिजापासून ३५ अंशांच्या वरचं आकाश तिचं. हात ताठ पुढे करून मूठ वळली की ती मूठ साधारण १० अंश व्यापते. क्षितिजापासून एकावर एक साडेतीन मुठी मोजा. त्याच्या खाली जे आहे ते असू द्या, वर जे डोकावतंय तेच नडणार. हिशेब करून बघितला तर टपावरच्या डिशला १० मीटर उंचीचं झाड १२ मीटरच्या आत आलं की आडवं येतं. गाडी उभी करताना झाडापासून मोटारीच्या तीन लांब्या सोडायच्या, असं मी मनाशी धरलंय.

पायरी ६: जागा: टप, कॅरियर की काच?

सर्वांत चांगली जागा म्हणजे कॅरियरवर, नट-बोल्टने घट्ट, डिश जवळजवळ सपाट. पाणी साचू नये एवढाच किंचित उतार. उभी किंवा जास्त तिरकी डिश गाडी चालवताना कधीच ठेवू नका. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १०० किलोमीटरला मिनीएवढी पाटी वाऱ्याला आडवी धरली तर तिच्यावर चार किलोच्या आसपास जोर येतो, आणि समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत त्यावर. नुसत्या वजनाला पुरणारा टेकू याला पुरत नाही. बोल्टला स्प्रिंग वॉशर घाला, आणि डिशला एक बारीक स्टीलची तार वेगळी बांधून कॅरियरला अडकवा. माउंट सुटलाच तरी डिश मागच्याच्या काचेवर जाणार नाही.

चुंबकाचे माउंट मिळतात आणि बरे चालतात, पण आधी घरातलं फ्रिजवरचं चुंबक टपाला लावून बघा. ॲल्युमिनियमचा किंवा काचेचा टप असेल तर ते चिकटणारच नाही. चिकटलं तरी चुंबकाखाली रबर हवं, आणि लावण्याआधी टप पुसून घ्यायला हवा. चुंबक आणि रंग यांच्यामध्ये अडकलेली धूळ महिन्याभरात पॉलिश पेपरचं काम करते. माझ्या टपावर त्याचे चार गोल अजून आहेत. व्हॅक्यूमच्या चकत्या उन्हात आणि थंडीत हळूहळू हवा सोडतात, म्हणून त्यांच्यावर मी चालत्या गाडीत विश्वास ठेवत नाही.

आता काचेच्या टपाचा प्रश्न. सनरूफखाली आतून डिश लावली की चोरी नाही, वारा नाही, वायर बाहेर काढायची नाही, म्हणून हे फार मोहात पाडतं. साध्या काचेतून लाइन मिळतेही, थोडी कमी. पण बऱ्याच गाड्यांच्या काचेत ऊन परतवायला धातूचा पातळ थर दिलेला असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, लहरींना मात्र तो पत्र्यासारखा वाटतो. खात्री करायला काहीही न बसवता आतल्या बाजूने डिश काचेला टेकवून दहा मिनिटं धरा आणि मैदानातल्या आकड्यांशी ताडून बघा. दुसरी अडचण तापमानाची: मिनीची मर्यादा ५० अंश सेल्सिअस आहे, आणि उन्हात बंद गाडीच्या छताखालची हवा ती सहज ओलांडते. मग डिश स्वतःला वाचवायला मंद होते किंवा बंद पडते.

डॅशबोर्डवर डिश ठेवायची नाही. समोरचं दिसत नाही, एअरबॅग उघडली तर डिश तोंडावर येते, आणि आकाशही अर्धंच दिसतं.

पायरी ७: वीज, म्हणजे खरं काम इथेच

मिनी सरासरी ३० वॅट खात असली तरी सुरू होताना आणि जोरात काम करताना ६० वॅटपर्यंतची तयारी हवी. १२ व्होल्टला ६० वॅट म्हणजे ५ अँपिअर. आता सॉकेटपासून टपापर्यंत पाच मीटर बारीक वायर, समजा ०.७५ स्क्वेअर एमएमची, घेतली. जाणारी आणि येणारी धरून दहा मीटर तांबं, त्याचा विरोध ०.२३ ओहमच्या आसपास, आणि ५ अँपिअरला त्यात सव्वा व्होल्टच्या जवळपास पडझड. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट असतात, त्यामुळे हे खपून जातं. इंजिन बंद केलं की बॅटरी १२.५ वर येते, डिशपाशी पोहोचतात ११.३, आणि डिशला हवेत किमान १२. उभ्या गाडीत ‘कारण नसताना’ बंद पडणाऱ्या डिशची गोष्ट बहुतेक वेळा एवढीच असते. सेल्फ मारताना तर बॅटरी क्षणभर दहाच्याही खाली जाऊ शकते, आणि कित्येक गाड्यांत त्या वेळी सॉकेटच बंद होतं.

यावर दोन रस्ते आहेत.

सोपा रस्ता म्हणजे १०० वॅटचा यूएसबी-सी कार चार्जर आणि त्यावरून मिनीची बॅरल पिनची केबल. चार्जरवर ‘२० व्होल्ट, ५ अँपिअर’ असं स्पष्ट छापलेलं हवं. तीन तोंडं मिळून १०० वॅट होणारा नको, एकाच तोंडातून १०० वॅट देणारा हवा. केबलही ५ अँपिअरची, साधी फोनची केबल इथे चालत नाही. त्या सॉकेटात दुसरं काहीही लावू नका. गाडीच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर सॉकेटचा फ्यूज १० की १५ अँपिअरचा ते बघून ठेवा. भाड्याच्या किंवा कंपनीच्या गाडीसाठी हाच रस्ता.

कायमच्या गाडीसाठी मी बॅटरीवरून स्वतंत्र लाइन ओढली. क्रम असा: आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत १० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज वायरला वाचवतो, म्हणून तो बॅटरीच्या टोकाला हवा. डिशच्या टोकाला बसवलेला फ्यूज मधे वायर सोलली गेली तर काही कामाचा नाही. पुढे २.५ स्क्वेअर एमएमची गाडीसाठीची वायर, टोकांना थिंबल (धातूची टोपी) नीट दाबून. पिळून टेप गुंडाळलेला जोड गाडीच्या थरथरीत टिकत नाही. ही वायर एका बूस्ट कन्व्हर्टरला जाते, जो ९ व्होल्टपर्यंत खाली आलेली वीज घेऊनही पुढे स्थिर २४ व्होल्ट देतो. २४ व्होल्टवर त्याच ६० वॅटला अडीचच अँपिअर लागतात, त्यामुळे टपापर्यंतच्या वायरमध्ये पडझड जेमतेम अर्धा व्होल्ट उरते आणि डिशला तिचा पत्ताही लागत नाही. हे केल्यापासून सिग्नलवरचं माझं कोडं सुटलं.

चावीवर चालणारी लाइन की कायम चालू? रोजच्या वापराला चावीवरची बरी, विसरण्याचा प्रश्न नाही. उभ्या गाडीत काम करायचं असेल तर कायम चालू लाइन, पण मध्ये व्होल्टेज कटऑफ हवाच, साधारण १२.२ व्होल्टला तोडणारा. ४५ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर ३० वॅटची डिश सात-आठ तास चालवेल आणि तरी अर्धी शिल्लक राहील. पण जुनी बॅटरी अर्धी झाली की सेल्फ मारेलच असं नाही. आडरानात इंटरनेट आहे आणि गाडी सुरू होत नाही, ही अवस्था हसण्यासारखी फक्त नंतर वाटते. रात्रभर डिश चालवायची असेल तर वेगळी लिथियम बॅटरी घ्या. १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे २५६ वॅट-अवर, त्यात गळती धरून सात तास निघतात. इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी वेगळी असते, आणि गाडी झोपली की तिचं चार्जिंग थांबू शकतं. आपली गाडी कोणत्या मोडमध्ये जागी राहते ते मॅन्युअलमध्ये बघा.

बॅटरीशी हात लावायची सवय नसेल तर हे ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, आणि फ्यूज कुठे बसवला ते त्याच्यासमोर उभं राहून बघा.

पायरी ८: वायर आत कशी घ्यायची

मागच्या दाराच्या किंवा डिकीच्या रबर बीडिंगमधून. टपाला भोक शक्यतो नको. वायर आत शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून ओघळत आत न येता झोळाच्या तळाशी टपकून जातं. पुढच्या खांबाच्या आतून वायर ओढू नका. तिथे पडद्याची एअरबॅग घडी घालून बसलेली असू शकते. दार दहा वेळा उघडून मिटून बघा, एकाच जागी वायर चेपत असेल तर जागा बदला. मिनी पाण्यात टिकते, पण तिचा प्लग व्यवस्थित बसलेला असेल तरच.

पायरी ९: आतलं नेटवर्क

डिश टपावर आणि तुम्ही पत्र्याखाली, तरी वायफाय खिडक्यांतून वळसा घेऊन आत येतं आणि छोट्या गाडीत पुरतं. गाडीच्या स्क्रीनला हेच वायफाय द्या, नकाशे आणि सॉफ्टवेअर अपडेट त्यावरून उतरतात. गाडीची स्वतःची आपत्कालीन कॉलची सोय मात्र मोबाइल नेटवर्कवरच चालते. डिश लावली म्हणून ती सगळीकडे चालेल असं समजू नका.

कामासाठी वापरणार असाल तर दोन लाइन घेणारा राउटर घ्या: एक मोबाइलची, एक डिशची. नुसती अदलाबदल करणारा राउटर एक लाइन मेली की दुसरीवर जातो, पण त्या क्षणी तुमचा इंटरनेटवरचा पत्ता बदलतो आणि चालू कॉल तुटून पुन्हा जोडला जातो. कॉल अजिबात तुटू नये असं हवं असेल तर दोन्ही लाइन एकत्र बांधणारी सेवा लागते. तिला इंटरनेटच्या पलीकडच्या टोकाला एक सर्व्हर लागतो आणि दोन्हीकडचा डेटा खर्च होतो. बहुतेकांना पहिलाच प्रकार पुरे. वस्तीत मोबाइल आधी, मोकळ्या रानात डिश आधी, असं ठेवा. झाडांच्या रस्त्यावर डिश दर मिनिटाला दोन-दोन सेकंद जाते आणि राउटर इकडून तिकडे उड्या मारत बसतो, म्हणून परत डिशवर यायला किमान मिनिटभराची थांब लावा. वेगळा राउटर लावल्यावर डिशचा आतला राउटर बायपास करता येतो, फक्त तो परत चालू करायला डिश रीसेट करावी लागते हे लक्षात असू द्या.

गाडीतला कॅमेरा बाहेरून उघडायचा बेत असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगने (राउटरमधून बाहेरच्याला थेट कॅमेऱ्यापर्यंत वाट देऊन) ते होणार नाही, कारण साधारण प्लॅनमध्ये एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. कॅमेऱ्याने स्वतःहून क्लाउडशी जोडून घ्यावं अशी सोय बघा. आणि एखादी वेबसाइट तुम्हाला भलत्याच शहरात समजली तर दचकू नका. तिला तुमची गाडी दिसत नाही, कंपनीने त्या पत्त्यासाठी नोंदवलेलं शहर दिसतं.

पायरी १०: चालवून बघा आणि रोग ओळखा

लॅपटॉपवर सतत पिंग (लाइन चालू आहे का ते दर सेकंदाला तपासणारी आज्ञा) लावून शेजारच्या माणसाकडे द्या आणि मोकळा रस्ता, झाडांचा रस्ता, उंच इमारती असा अर्धा तास फिरा. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही.

एक-दोन सेकंदांचे तुटक खंड पडले तर ते झाडं, पूल, शेजारून गेलेला कंटेनर. त्यावर उपाय नाही, सवय आहे. बोगद्यात लाइन जाणार आणि बाहेर आल्यावर काही सेकंदांत परत येणार. सलग दोन-तीन मिनिटं गेली तर डिश रीस्टार्ट झाली, म्हणजे वीज तपासा. ॲपमध्ये डिश किती वेळ चालू आहे ते दिसतं. तो आकडा शून्यापासून पुन्हा सुरू झाला असेल तर आकाशाला दोष देऊ नका. मुसळधार पावसात लाइन मंदावते, कारण डिश वापरते त्या केयू बँडच्या लहरी पाण्याच्या दाट थेंबांत शोषल्या जातात. सर कमी झाली की आपोआप सुधारते. फक्त दुपारीच बंद पडते, तर उष्णता. ॲपमधला अडथळ्यांचा नकाशा गाडी उभी असतानाच बघा. चालत्या गाडीत तो रस्ताभरच्या झाडांची खिचडी दाखवतो.

महिन्यातून एकदा बोल्ट हाताने हलवून बघा, थिंबलवर हिरवट थर आलाय का पाहा, आणि डिश ओल्या मऊ कापडाने पुसा. उच्च दाबाचा पाण्याचा फवारा तिच्यावर मारू नका. ब्रशवाल्या ऑटोमॅटिक वॉशिंगमध्ये गाडी घालण्याआधी डिश काढून घ्या. मी एकदा विसरलो आणि बाहेर आलो तेव्हा माउंट टपावर होता, डिश स्टीलच्या तारेला लटकत मागच्या काचेवर टकटक करत होती. लाइन चालू होती.